नवी पेठ, पार्किंग आणि न येणारी सिटी बस

"ताई, पार्किंग नाही ओ, म्हणून गिऱ्हाईक येईना झालंय." आपल्या सोलापूरच्या बाजारपेठेत, नवी पेठेत, कुठल्याही कापडाच्या नाहीतर चपलांच्या दुकानात पाच मिनिटं जास्त बसलं की हे वाक्य येतंच, आणि मागोमाग दुसरं येतं की आता सगळे ऑनलाइन घेतात, नाहीतर विजापूर रोड, होटगी रोडच्या शोरूमला जातात, आमचं काय राहिलंय. मालक लोकांचं दुःख खरं आहे, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण उपाय म्हणून जे सांगतात ना, की इथं मोठं पार्किंग बांधा, रस्ता रुंद करा, वरनं उड्डाणपूल न्या, त्याच्यावर मात्र मला बरंच बोलायचंय आणि ते व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं की लगेच भांडण लागतं, म्हणून इथं सविस्तर लिहितेय. ज्यांना कंटाळा येईल त्यांनी खुशाल सोडून द्यावं.

नवी पेठेत गिऱ्हाईक येतं कुठनं ते आधी बघा. लग्नसराईत एखाद्या दिवशी नुसतं उभं राहून बघा. मोहोळ, मंगळवेढा, अक्कलकोट, तुळजापूरकडनं एसटीनं आलेली माणसं, हातात तीन-चार पिशव्या, सोबत दोन पोरं आणि एक म्हातारी. बाकी शहरातली टू-व्हीलरवाली, शेअर रिक्षानं आलेल्या बायका, आणि अधूनमधून एखादी कार, जी अर्धा रस्ता अडवून हॉर्न वाजवत उभी असते. ही कारवाली मंडळी दिसतात जास्त, कारण ती जागा जास्त खातात. नियमात एका कारच्या पार्किंगला अडीच बाय पाच मीटर जागा धरतात, म्हणजे साधारण 134 स्क्वेअर फूट. दहा बाय बाराचा गाळा होतो 120 फुटांचा. म्हणजे तुमच्या एका कारला तुमच्याच गाळ्यापेक्षा जास्त जागा लागते, आणि तीही फक्त उभं राहायला, त्याच्यात गाडी आत घ्यायचा-बाहेर काढायचा रस्ता धरलेला नाही. आता सांगा, पेठेत शंभर गाड्या उभ्या करायच्या म्हटलं तर किती दुकानं पाडणार?

आणि समजा बांधलं पार्किंग. मग तिथं पोचायला ज्या रस्त्यानं यायचं तो पार्क चौकाचा नाहीतर चार पुतळ्यांकडचा रस्ता आधीच तुंबलेला, त्याच रस्त्यानं अजून गाड्या येणार. म्हणजे चालणाऱ्याला अजून वैताग, म्हणजे जो बिचारा आज चालत येतोय तोही उद्या म्हणणार नको बाबा. पार्किंगमुळे गिऱ्हाईक वाढेल ही आशा ठीक आहे, पण ते वाढता वाढता जे आहे तेच निघून जाईल ही भीती मला जास्त वाटते.

आता थोडं मागं जाते. माझं लहानपण साखर पेठेत गेलं, वडील लक्ष्मी-विष्णू मिलमध्ये. तेव्हाचं सोलापूर म्हणजे मिलचं गाव, 1870 च्या दशकात जुनी मिल निघाली, मग एन.जी., लक्ष्मी, विष्णू, जाम अशा मिल झाल्या आणि गावाची सगळी रचना त्या भोंग्याभोवती बसली. भोंगा वाजला की पायी आणि सायकलीवर माणसांचा लोंढा निघायचा. घर, मिल, मंडई, दवाखाना, शाळा, भागवत थिएटर, सिद्धेश्वराचं देऊळ, सगळं चालत जाण्याच्या अंतरात. खाली दुकान नाहीतर माग, वर घर. पूर्व भागात पद्मशाली लोकांच्या घराघरात माग होते, घरातच कारखाना, म्हणजे कामाला जायचा प्रवास शून्य मिनिटं. आज जगभरचे प्लॅनर ज्याला मिक्स्ड यूज म्हणून पीपीटी करून दाखवतात ते आपल्याकडं कन्ना चौकात आणि अशोक चौकात कधीचं चालू होतं. त्यात काही रम्य होतं असं नाही हं. एका खोलीत आठ माणसं, नळाला भांडणं, मागाचा खडखडाट, कापसाची धूळ छातीत जायची. जुनं ते सोनं म्हणायला मी बसलेली नाही. पण अंतराचं गणित मात्र त्या गावाला जमलं होतं आणि आपण ते मोडलं.

मोडलं कसं तर नव्वदच्या दशकात दोन गोष्टी लागोपाठ झाल्या. एकीकडं मिल बंद पडत गेल्या. दुसरीकडं 1992 ला हद्दवाढ झाली आणि शहर एका फटक्यात 178 चौरस किलोमीटरचं झालं. जुळे सोलापूर, सैफुल, आसरा, शेळगी, बाळे, सगळी हद्दवाढ भागात. माणसं तिकडं गेली, आम्हीपण गेलो, जुळे सोलापुरात प्लॉट स्वस्त होता, हवा मोकळी होती. कुणी चुकीचं केलं असं नाही. पण प्लॉट पडत गेले तसतशा बस वाढल्या नाहीत. नवीन वस्तीत एक भाजीवाला, एक किराणा, एक मेडिकल यायला पाच-पाच वर्षं गेली आणि तोपर्यंत प्रत्येक घरात एक गाडी आली, मग दोन, आता पोरगं बारावीत गेलं की तिसरी. 2011 च्या जनगणनेत शहर साडेनऊ लाखांचं होतं. एवढ्या मोठ्या शहरात एका टोकाकडनं दुसऱ्या टोकाला जायला भरवशाची बस नाही हे बाहेरगावच्या पाहुण्याला सांगितलं तर खरं वाटत नाही.

सिटी बसची कहाणी तर सगळ्यांना पाठ आहे. केंद्राच्या शहर सुधारणेच्या जेएनएनयूआरएम योजनेतनं नव्या कोऱ्या बस आल्या, गाव खूश झालं, आणि मग त्यातल्या बऱ्याच बसच्या चासीला तडे गेले, वाद झाला, कोर्टकचेरी झाली, बस डेपोत उभ्या राहिल्या. त्यानंतर आपली परिवहन सेवा जी खाली बसली ती उठलीच नाही. लोकांनी वाट बघायचं सोडून दिलं. शेअर रिक्षावाल्यांनी ती जागा घेतली आणि खरं सांगायचं तर सात रस्त्याहून सैफुलला, आसऱ्याला माणसं पोचवण्याचं काम आज तेच करतायत, त्यांना शिव्या घालणं सोपं आहे पण एक दिवस ते बंद राहिले तर निम्म्या पोरींचं कॉलेज बुडेल.

आता पीएम ई-बस सेवेचं चाललंय. ऑगस्ट 2023 मध्ये केंद्रानं ती योजना मंजूर केली, देशभरात 10,000 इलेक्ट्रिक बस, आणि त्यात आपल्याही शहराचं नाव आहे. बस येतील तेव्हा येतील. माझा मुद्दा असा की बस नुसत्या येऊन भागत नाही, त्या कुठनं कुठं आणि किती वेळानं धावणार हे ठरवणं जास्त महत्त्वाचं. सगळ्या शहरात एक-एक बस वाटून टाकली, म्हणजे प्रत्येक नगरसेवकाच्या वॉर्डात तासाला एक, की झालं वाटोळं. तासाला एक बस म्हणजे बस नाहीच. त्यापेक्षा तीन-चार रस्ते पकडा, रेल्वे स्टेशन, भैय्या चौक, छत्रपती शिवाजी चौकातलं एसटी स्टँड, नवी पेठ, पार्क चौक, सात रस्ता, तिथनं एक फाटा विजापूर रोडला, एक होटगी रोडला, एक पूर्व भागातनं अक्कलकोट रोड एमआयडीसीला, आणि त्याच्यावर दर दहा मिनिटांना बस सोडा. टाइमटेबल बघायची गरजच पडू नये. दहा मिनिटांत येणारच आहे म्हटल्यावर माणूस गाडीची चावी घरी ठेवतो.

स्टेशनचंच बघा की. 10 फेब्रुवारी 2023 पासून मुंबईची वंदे भारत सुरू झाली, मस्त गाडी, रात्री साडेदहा-पावणेअकराच्या सुमाराला सोलापुरात आणून सोडते. एवढ्या चकचकीत एसी गाडीतनं उतरलेला माणूस स्टेशनच्या बाहेर येतो आणि रिक्षावाल्याशी घासाघीस करत उभा राहतो. मुंबईहून सोलापूर साडेसहा तास, आणि स्टेशनहून घर हा वेगळाच प्रवास. ट्रेनच्या वेळेला जोडून बस का नसावी याचं उत्तर मला अजून कुणी दिलेलं नाही.

पुढचा भाग जरा नियमांचा आहे, पण खरी गोम तिथंच आहे त्यामुळं वाचा.

महाराष्ट्रात डिसेंबर 2020 पासून मुंबई वगैरे सोडून बहुतेक शहरांना एकच बांधकाम नियमावली लागू आहे, तिला सगळे युडीसीपीआर म्हणतात. त्यात गावठाणाबाहेरच्या भागात मूळ एफएसआय 1.1, म्हणजे हजार फुटाच्या प्लॉटवर अकराशे फूट बांधकाम, आणि पुढं रस्ता जेवढा रुंद तेवढा प्रीमियम भरून आणि टीडीआर, म्हणजे दुसऱ्या जागेचा बांधकामाचा हक्क, विकत घेऊन जास्त. 30 मीटरच्या रस्त्यावर हे 3 पर्यंत जातं. अरुंद रस्त्यावर फारसं काही मिळत नाही. याच्यामागं कारण आहे, अग्निशमनची गाडी आत शिरली पाहिजे, ड्रेनेज-पाणी पुरलं पाहिजे, ते सगळं बरोबर. पण याचा परिणाम काय होतो तर उंच इमारत, जास्त माणसं, जास्त दुकानं ही सगळी रुंद रस्त्याच्या मागं पळतात, म्हणजे शहराच्या बाहेर. आणि बस, स्टेशन, मंडई जिथं आधीपासून आहे त्या जुन्या पेठेला कुणी विचारत नाही. रस्त्याची रुंदी बघता, तर मग बस किती जवळ आहे तेही बघा ना! पुण्यात मेट्रोच्या स्टेशनपासून 500 मीटरच्या आत 4 पर्यंत एफएसआय द्यायचं धोरण केलंच की सरकारनं. केंद्राचं 2017 चं टीओडी, म्हणजे स्टेशनाभोवती वस्ती वाढवायचं, धोरण आहे, त्यात स्टेशनच्या भोवतालचा 500 ते 800 मीटरचा भाग, म्हणजे दहा मिनिटं चालायचं अंतर, तो दाट आणि चालण्याजोगा करा असं म्हटलेलं आहे. आपल्याकडं मेट्रो नाही, येणारपण नाही, आणि तिची गरजही नाही. आपलं स्टेशन म्हणजे रेल्वे स्टेशन, एसटी स्टँड आणि हो, उद्याचे ते दहा मिनिटांच्या बसचे थांबे.

नुसता एफएसआय वाढवून काही होत नाही हेही तेवढंच खरं. पुण्या-मुंबईत काय झालं बघतोच आपण, वरती वीस मजले आणि खाली तीन मजले पार्किंगचे, रस्त्यावरनं चालताना नुसती भिंत आणि सिक्युरिटीवाला. आपल्या जुळे सोलापुरातल्या अपार्टमेंट बघा, तळमजल्याला सगळीकडं स्टिल्ट पार्किंग. म्हणजे जिथं एखादा टेलर बसला असता, इस्त्रीवाला, झेरॉक्सवाला, भाकरी-शेंगाचटणी विकणारी मावशी बसली असती, तिथं गाड्या बसल्यात. संध्याकाळी सातनंतर त्या रस्त्यावरनं एकटीनं चालायला नको वाटतं कारण रस्त्याकडं बघणारं कुणी नाही. पेठेत रात्री नऊला चालताना मला कधी भीती वाटली नाही, दुकानं उघडी, ओट्यावर म्हातारे बसलेले, कुणाचं तरी लक्ष असतं. सेफ्टी म्हणून कॅमेरे लावतात ते ठीक आहे, पण उघडं दुकान आणि वरच्या खिडकीतली बाई हे त्याच्यापेक्षा स्वस्त आणि जास्त कामाचं. म्हणून पेठेत आणि बसच्या रस्त्यावर तळमजला दुकानालाच ठेवा, आणि पार्किंगची सक्ती कमी करा, ज्याला पाहिजे तो बांधेल की. अमेरिकेत बफेलो नावाचं शहर आहे, आपल्यासारखंच कारखाने बंद पडून बसलेलं, त्यांनी 2017 ला शहरभरची पार्किंगची किमान अटच काढून टाकली. कारच्या देशात हे होऊ शकतं तर इथं व्हायला काय हरकत आहे?

आता रस्ता रुंदीकरण. ज्याच्या दुकानावर मार्किंग झालं त्यालाच त्याचं दुःख कळतं, पण मी वेगळ्या कारणानं याच्या विरोधात आहे. ऊन. सोलापूरचं एप्रिल-मेचं ऊन, 42, 43, कधी 44. जुन्या पेठेतल्या गल्ल्या अरुंद का होत्या, तर समोरासमोरच्या घरांची सावली रस्त्यावर पडायची. माळवदाची जाड भिंतींची घरं, बाहेर ओटा, वर पुढं आलेला सज्जा. दुपारी बाराला बाळीवेशीच्या आतल्या गल्लीतनं चाला आणि मग सात रस्त्यावर चाला, फरक पायाला कळतो. आपण गल्ली पाडून 24 मीटरचा डांबरी तवा करतो, कडंची लिंबाची झाडं तोडतो, आणि मग म्हणतो सोलापूरच्या उन्हात कोण चालणार. अरे तुम्हीच चालायची सोय काढून घेतली ना! मुख्य बसरस्ते रुंद असावेत, मान्य. पण पेठेतल्या आतल्या गल्ल्या आहेत तशा राहू द्या, तिथं गाडी हळू गेली तर बिघडलं काय. आणि जिथं फुटपाथ करताय तिथं आधी झाड आणि मग फरशी. फुटपाथ म्हणजे तरी काय हो आपल्याकडं, इंडियन रोड्स काँग्रेसचं मार्गदर्शन आहे की निदान 1.8 मीटर मोकळी जागा पाहिजे आणि कडेची उंची 150 मिलिमीटरच्या वर नको, म्हणजे वीतभरापेक्षाही कमी. आपले बरेच फुटपाथ एवढे उंच की म्हाताऱ्या माणसाला हात धरून चढवावं लागतं, चढलं की पुढं ट्रान्सफॉर्मर, त्याच्या पुढं बुलेट लावलेली, मग परत खाली उतरा. लोक फुटपाथवरनं चालत नाहीत अशी तक्रार करणाऱ्यांनी एकदा साडी नेसून, एका हातात पिशवी आणि एका हातात पोर धरून चालून दाखवावं.

स्मार्ट सिटीत आपलं नाव पहिल्याच यादीत होतं, जानेवारी 2016, पहिल्या 20 शहरांत. झाली काही कामं. महापालिकेची इंद्रभुवनची इमारत उजळली, वारदांनी बांधलेली ती देखणी वास्तू बघून छान वाटतं. रंगभवनाकडचा रस्ता बरा झाला. पण बरा झालेला एक तुकडा संपला की पुढं पहिल्यासारखंच, आणि चालणारा माणूस तुकड्या-तुकड्यात चालत नाही, त्याला घरापासून दुकानापर्यंत सलग लागतं.

उड्डाणपुलांचं म्हणाल तर जुना पुणे नाका ते सात रस्ता आणि जुना बोरामणी नाका ते मोरारका बंगला असे दोन पूल कितीतरी वर्षं गाजतायत, भूसंपादन, मोजणी, निधी, परत मोजणी. जड वाहतूक गावाबाहेरनं गेली पाहिजे याच्यावर दुमत नाही, शहरात ट्रक आणि डंपरखाली माणसं गेलीत, त्याला बायपास हे उत्तर आहे. पण जो गावातच यायला निघालाय त्याला गावावरनं उडवून काय उपयोग? पूल उतरतो तिथं परत तोच चौक. आणि पुलाखालच्या दुकानांचं काय होतं ते बघायला फार लांब जायला नको, कुठल्याही शहरात पुलाच्या सावलीतल्या दुकानदाराला विचारा.

कुरितिबाबद्दल मी मागं कुठंतरी वाचलं तेव्हापासून ते डोक्यातनं जात नाही. ब्राझीलमधलं शहर, 1970 च्या सुमाराला साधारण सहा लाखांचं, म्हणजे आपल्या टप्प्यातलं. तिथले महापौर जैमी लेर्नर, स्वतः आर्किटेक्ट. 1972 मध्ये त्यांनी बाजारपेठेचा मुख्य रस्ता फक्त चालणाऱ्यांसाठी करायचं ठरवलं. दुकानदारांचा कडाडून विरोध, अगदी आपल्यासारखाच, गाडी येणार नाही तर गिऱ्हाईक येणार नाही. मग त्यांनी शुक्रवारी संध्याकाळी कोर्ट-ऑफिस बंद झाल्यावर काम सुरू केलं आणि 72 तासांत रस्ता उखडून फरशी, झाडं, दिवे, बाकडी लावून मोकळे. पुढं गाडीवाल्यांनी ठरवलं की गाड्या घालून रस्ता परत ताब्यात घ्यायचा, तर महापौरांनी रस्त्यावर लांबच लांब कागद अंथरून लहान पोरांना चित्रं काढायला बसवलं. कोण गाडी घालणार पोरांवर? आणि दुकानदार थोड्या दिवसांनी म्हणायला लागले, आमच्याही रस्त्यावर करा. ही गोष्ट सगळे सांगतात, पण त्याच्या पुढचं कमी जण सांगतात. त्यांनी 1974 पासून बससाठी वेगळी लेन असलेले मोठे रस्ते केले आणि नियम असा केला की उंच, दाट इमारती फक्त त्या बसरस्त्यांच्या कडेला, आणि जसजसं लांब जाल तसतशी उंची कमी. म्हणजे बस आणि बांधकामाचा नियम एकाच टेबलावर बसून ठरवला. आपल्याकडं नगररचना एका खोलीत, परिवहन दुसऱ्या खोलीत, पोलीस तिसऱ्या इमारतीत, आणि हायवेवाले तर दिल्लीत.

इतकं लांब नको असेल तर हुबळी-धारवाड घ्या, आपल्या निम्म्या गावाचे पाहुणे तिकडं. 22 किलोमीटरची बीआरटीएस, म्हणजे बससाठी वेगळी लेन, तिच्यावर चिगरी नावाच्या बस धावतात. तिथंही लेन गाड्यांना खुली करा म्हणून ओरड आहेच, काही ते स्वर्ग नाही. दिल्लीत चांदनी चौक 2021 ला नवा करून उघडला, लाल किल्ल्यापासून फत्तेपुरीपर्यंत सव्वा-दीड किलोमीटर, सकाळी 9 ते रात्री 9 मोटारगाड्यांना बंदी. नंतर नियम पाळले जात नाहीत अशा तक्रारी आल्या, म्हणजे फरशी घालणं सोपं, रोज तिथं उभं राहून गाडी अडवणं अवघड. पुण्यात 11 डिसेंबरला लक्ष्मी रोड एक दिवस चालणाऱ्यांना देतात, तेही चांगलं, पण एका दिवसानं सवय लागत नाही.

आपल्याला खरं तर दिल्ली-पुण्याकडं बघायचीपण गरज नाही. सिद्धरामेश्वरांची यात्रा जानेवारीत दरवर्षी होते. 68 लिंगांची प्रदक्षिणा, सात नंदीध्वज, हिरेहब्बू वाड्यापासनं संमती कट्ट्यापर्यंत लाखो माणसं, मराठी, कन्नड, तेलुगू, सगळे पायी. त्या दिवसांत नवी पेठ, टिळक चौक, सगळं गाव चालतं, गाड्या लांब लावतात आणि कुणी तक्रार करत नाही. होम मैदानावरचा गड्डा, म्हणजे यात्रेतली जत्रा, बघायला सैफुलची माणसं कुठंतरी गाडी लावून एवढं चालतात, आणि त्याच माणसांना एरवी दुकानाच्या दारात पार्किंग पाहिजे. मला त्यांच्यावर हसू येतं पण राग येत नाही, कारण त्या दिवशी चालायला रस्ता मोकळा असतो, सोबत असते, थंडी असते. तेवढं बाकीच्या दिवशी द्या की. निदान शनिवार-रविवार संध्याकाळी पाच ते दहा नवी पेठेचा मुख्य रस्ता बंद करून बघा, तीन महिने, आणि दुकानदारांचा गल्ला आधीचा आणि नंतरचा मोजा. मालक लोकांनीच मोजावा. वाढला नाही तर परत उघडा.

हातगाडीवाल्यांचं मात्र आधी ठरवलं पाहिजे. सुशोभीकरण म्हटलं की पहिला दंडुका त्यांच्यावर पडतो. 2014 चा फेरीवाला कायदा आहे, त्यात पथविक्रेता समितीत निदान 40 टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचेच असावेत असं आहे, जागा आखून द्या, ओळखपत्र द्या. पार्क चौकातली भेळ आणि फुटपाथवरच्या बांगड्या काढून टाकल्या तर पेठेत बघायला उरतं काय, सोलापुरी चादर तर ऑनलाइनपण मिळते.

पेठेत माणूस राहायला परत यायला पाहिजे हे मला सगळ्यात जास्त वाटतं, आणि तेच सगळ्यात अवघड आहे. किती वाडे बघा, खाली एक दुकान चालू, वर कबुतरं. एकाच वाड्याचे अकरा वारस, दोघं पुण्यात, एक अमेरिकेत, कोर्टात केस, त्यात जुना भाडेकरू साठ वर्षांपासूनचा, त्यालाही कुठं जायला जागा नाही. हे एफएसआयनं सुटत नाही. पण ज्यांचा वाद नाही त्यांनासुद्धा नकाशा मंजूर करताना साइड मार्जिन, पार्किंग, रस्त्याची रुंदी यात अडकवून ठेवलंय, निदान ते तरी सुटं करा. आणि पाणी. पेठेत चार-पाच दिवसांनी नळ येणार असेल तर तिथं वरच्या मजल्यावर फ्लॅट घेणार कोण? उजनीचं पाणी नीट आलं तर ती कुठल्याही सुशोभीकरणापेक्षा मोठी योजना ठरेल.

मिलच्या जमिनींवर एक वेगळा लेख लिहावा लागेल. भैय्या चौकाकडची एन.जी. मिल, स्टेशनपासनं चालत जाण्याच्या अंतरावर एवढी मोठी जागा अजून कुठं मिळणार? तिथं काय करायचं ते गावानं आधीच ठरवलं पाहिजे, नाहीतर मुंबईचं होईल. तिकडं 1991 च्या नियमात मिलच्या जमिनीचे साधारण तीन वाटे होते, एक मोकळ्या जागेला, एक म्हाडाच्या घरांना, एक मालकाला. 2001 ला नियम बदलला आणि वाटे फक्त मिलच्या आवारातल्या रिकाम्या जागेचे करायचे असं झालं, मग बाग आणि घरं यांच्या वाट्याला चिंधी आली. 2006 मध्ये सुप्रीम कोर्टानंही तेच मान्य केलं. एका ओळीचा बदल, आणि गिरणगावात मॉल उभे राहिले.

आणि जाता जाता शहराबाहेरच्या कुंभारी गावाचं. विडी कामगार बायकांसाठी तिथं आधी गोदूताई परुळेकर वसाहत झाली, दहा हजार घरांची, मग रे नगर, 30 हजार घरांचं, त्यातल्या 15 हजार घरांच्या चाव्या 19 जानेवारी 2024 ला पंतप्रधानांनी दिल्या. कष्टकरी माणसानं भांडून मिळवलेलं हक्काचं घर, त्याला मी नाव ठेवणार नाही, अशी वसाहत देशात दुसरी दाखवा म्हणावं. पण ते गावापासनं किती लांब! विड्या जमा करायच्या, शिलाईचं काम आणायचं, धुण्याभांड्याला जायचं, पोरींना कॉलेजला पाठवायचं, सगळं शहरात. घर फुकटाच्या जवळपास पडलं तरी रोजचं रिक्षाचं भाडं मजुरीतनंच जाणार. म्हणून प्रारूप विकास आराखड्यावर हरकती-सूचना मागवतील तेव्हा मी दोन ओळींचा अर्ज देणार आहे, तुम्हीपण द्या. एक, स्टेशन ते नवी पेठ ते सात रस्ता या पट्ट्यात नवीन इमारतीला पार्किंगची सक्ती नको आणि तळमजल्याला दुकान पाहिजे. दोन, दहा मिनिटांच्या बसचा पहिला मार्ग कुंभारी ते अशोक चौक ते नवी पेठ ते स्टेशन, पहाटे पाचला पहिली बस आणि वंदे भारत आल्यावर शेवटची.